पाण्याचं निमित्त

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, मुलीला नाही. सासूबाईंना सांगावं लागलं नाही, त्यांना न सांगताच कळलं — ते पुढे येईलच. आता हे सगळं आठवणारी माणसं दोनच उरलीत, एक मी आणि एक कुसुम. आणि कुसुमला जे आठवतं ते खरं नाही. ते मी तिला दिलेलं आहे.

कुठून सुरुवात करू? जेवणापासूनच करते. सगळं जेवणावरूनच झालं.

आणीबाणी उठून दोन-एक वर्षं झाली असतील. मी तेव्हा नागपूरच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ट्रंक ऑपरेटर होते. लांबलचक बोर्ड, त्यापुढे ओळीनं बसलेल्या आम्ही बायका, कानाला हेडफोन, हातात दोऱ्या. कुणाला मुंबई हवी, कुणाला रायपूर, कुणाला चंद्रपूर. दिवसभर दुसऱ्यांची सुखदुःखं जोडून द्यायची आणि आपण गप्प बसायचं, असं ते काम.

त्या थंडीत शहरातल्या हॉटेलवाल्यांनी मिळून एक टूम काढली. संक्रांतीच्या आधी एक आठवडा शहरातल्या हॉटेलांत पूर्ण जेवण निम्म्या दरात. मोठी हॉटेलं, छोटी हॉटेलं, ज्याला भाग घ्यायचा त्यानं घ्यावा आणि दारावर पिवळा कापडी फलक लावावा. आज कुणाला त्याचं काही वाटणार नाही. पण तेव्हा आमच्यासारख्या घरांत बाहेर जेवायला जाणं म्हणजे पाहुण्यांना स्टेशनवर सोडल्यावर एखादा डोसा खाणं, तोही अर्धा-अर्धा. त्यामुळे सीताबर्डीपासून सदरपर्यंत ते पिवळे फलक लागले आणि गाव नुसतं खुळावलं. बसमध्ये, भाजीबाजारात, लग्नघरात, जिथं जावं तिथं एकच विषय. तुम्ही कुठं जाणार? आम्ही कुठं जावं?

आमच्यातही तेच. आणि कल्पना निघाली कुसुमच्याच डोक्यातून. "आपण जाऊ की! नुसत्या बायका. नवरे नाही, पोरं नाही, सासवा नाही. शुक्रवारी दुपारची ड्यूटी संपली की सगळ्याजणी."

विश्रांतीच्या खोलीत एकच कल्ला झाला.

कुसुमबद्दल सांगायला हवं. तुम्ही तिला ओळखलं असतंत तर माझ्याआधी तुमचीच तिच्याशी मैत्री झाली असती. सावळी, उंच, आवाज असा की लाईनवर भांडायला आलेला माणूस दोन वाक्यांत 'ताई' म्हणायला लागायचा. एकदा एक खेड्यातला माणूस भिलाईला भावाला फोन लावायला बसला होता. आई गेली हे कळवायचं होतं. साधा कॉल, अर्जंटचे जादा पैसे भरलेला नाही, त्यामुळे नंबर मागे. तेवढ्यात कुण्या बड्या साहेबांच्या सेक्रेटरीचा फोन — साहेबांना मुंबई ताबडतोब हवी. कुसुम म्हणाली, "साहेब जिवंत आहेत ना? मग थांबतील." आणि भिलाई जोडून दिली. तिला वर बोलावणं आलं. ती गेली, ऐकून घेतलं, परत आली, हेडफोन लावला आणि पुढचा नंबर विचारला. मी तिच्या शेजारच्या खुर्चीवर होते. माझ्या हातून दोन नंबर चुकले, तिच्या हातून एकही नाही.

तिच्या घरच्यांनी छप्पन साली इथंच, नागपुरात, बौद्ध धम्माची दीक्षा घेतली होती. ती तेव्हा शाळकरी होती, आईचं बोट धरून गेलेली. मी ब्राह्मणाघरची. हे सांगितल्याशिवाय पुढचं सांगता येणार नाही. आणि मी तेव्हा स्वतःला फार मोकळ्या मनाची समजत होते. कुसुमच्या डब्यातलं मी खायची, माझ्या डब्यातलं ती. त्याचा मला अभिमानही होता. डबा वाटून खाण्याचा अभिमान — काय म्हणावं त्याला?

तिची आई अंजनाबाई. नवरा गिरणीत होता, तो लवकर गेला. मग ह्या बाईनं गिरणीतल्या कामगारांना डबे द्यायला सुरुवात केली, आणि त्यातून पुढे जरीपटक्याच्या बाजाराजवळ दोन खोल्या आणि टिनाची पडवी घेऊन खाणावळ उभी केली. त्या खाणावळीवर कुसुम शिकली, मॅट्रिक झाली, ऑपरेटरची परीक्षा पास झाली. हॉटेलवाल्यांचा आठवडा जाहीर झाला तेव्हा अंजनाबाई स्वतः त्यांच्या ऑफिसात जाऊन उभी राहिली. ते म्हणाले, बाई, हे हॉटेलांसाठी आहे. तिनं विचारलं, "माह्याकडे रोज एवढी माणसं जेवतात, मंग मी हॉटेलवाली काहून नाही?" पिवळा फलक घेऊनच ती घरी आली. कुसुम हे सांगताना आईच्या आवाजाची नक्कल करायची आणि आम्ही सगळ्या हसायचो. पण तिच्या डोळ्यांत जे असायचं ते हसण्यातलं नव्हतं.

त्या आठवड्यासाठी अंजनाबाईनं बाकडी भाड्यानं आणली, मदतीला शेजारच्या दोघी ठेवल्या, पडवीला नवा चुना दिला. ती सगळी तयारी मी कुसुमच्या तोंडून रोज ऐकत होते.

आता कुठं जायचं हे ठरेना. एकीला सदरमधलं पंजाबी हॉटेल हवं, कारण तिथं टेबलावर कापड असतं. एकीला सीताबर्डीवरचं, कारण तिथं फॅमिली केबिनला पडदे आहेत. "नवरेच नाहीत तर पडदे कशाला गं?" असं कुणीतरी म्हणालं आणि पाठकबाईसुद्धा हसल्या. पाठकबाई आमच्या सुपरवायझर. ड्यूट्या त्याच लावायच्या. शेवटी त्यांनीच तोडगा काढला : "नलिनीची जीभ चिकित्सक आहे. तिनं आधी जाऊन चाखून यावं आणि सांगावं. ती म्हणेल तिथं जाऊ."

म्हणजे मी. आठवड्याच्या सुरुवातीलाच मी बर्डीवरच्या हॉटेलात नुसतं चाखून आले, सदरमध्येही चाखून आले, आणि त्याच दुपारी पोटभर जेवायला जरीपटक्याला, अंजनाबाईच्या खाणावळीत गेले. कुसुम सोबत येते म्हणाली. मी नको म्हटलं. म्हटलं, तू आलीस तर आई खास काहीतरी करेल, मग परीक्षा कसली? ती खूश झाली त्यावर. "हे बरोबर आहे तुझं," म्हणाली.

ते जेवण. मी आता म्हातारी आहे, पुष्कळ ठिकाणी जेवले आहे, लेकीकडे परदेशातही जेवून आले. तसं जेवण पुन्हा मिळालं नाही.

पडवीत बाकडी भरलेली होती. ट्रकवाले, कॉलेजची पोरं, बाजारातले सिंधी दुकानदार. एका बाजूला चूल, चुलीवर उपडं मडकं, आणि त्यापुढे अंजनाबाई. बारीक अंगाची, पांढरं पातळ, पदर कमरेला खोचलेला. ती लंबी रोटी करत होती. तुम्ही पाहिली आहे का करताना? सैल मळलेल्या कणकेचा गोळा ती दोन्ही हातांवर घ्यायची आणि ह्या हातावरून त्या हातावर असा खेळवायची की गोळा पसरत पसरत कोपरापर्यंत यायचा — ओढणीसारखा, पलीकडची चूल दिसावी इतका पातळ. आणि मग एका झेपेत मडक्यावर. कधी फाटली नाही, कधी घडी पडली नाही. मी जेवायचं विसरून बघत बसले.

तिनं मला ओळखलं. मी काही बोलले नव्हते. "कुसुमची नलिनी ना वं तू? बस." एवढंच. खास काही केलं नाही, जे सगळ्यांना तेच मला. पाटोडीचा, म्हणजे बेसनाच्या वड्यांचा, रस्सा, रोटी, वांग्याची भाजी, भात, कांदा. पहिल्या घासाला डोळ्यांतून पाणी आलं. मी पेल्याकडे हात नेला तर लांबूनच ओरडली, "पाणी पिऊ नको लगेच! रोटी खाय. पाण्यानं तिखट वाढते." रोटी खाल्ली आणि त्या तिखटाच्या मागून चव आली — खसखस, खोबरं, भाजलेला कांदा, आणखी काय काय. मी बोटं चाटली. भर पडवीत, परक्या पुरुषांसमोर.

आणि मग पाणी प्यायले. कोपऱ्यात मातीचा मोठा रांजण, त्यावर स्वच्छ पांढरं फडकं, बाजूला लांब दांड्याचं ओगराळं. पितळी पेले असे घासलेले की त्यात तोंड दिसावं. माझ्या स्वतःच्या स्वयंपाकघरात मी इतकी टापटीप ठेवत नव्हते. गार, गोड पाणी. एक पेला प्यायले, मग आणखी एक मागून प्यायले.

निघताना ती दारापर्यंत आली. "शुक्रवारी येजा सगळ्याजणी. मी तुमच्यासाठी आतली खोली रिकामी ठेवतो. पोरींनी कसं निवांत बसून जेवलं पाहिजे." आमच्याकडे बायकाही तसंच म्हणतात, ठेवतो, करतो. मी म्हटलं, नक्की येऊ मावशी. आणि तेव्हा ते खरं होतं. मी बसमध्ये बसले तेव्हाही खरं होतं.

दुसऱ्या दिवशी मी रजेवर होते. नवऱ्याला कळमेश्वरच्या कारखान्यात नोकरी लागायची होती, तिथं खोली बघायला दोघं गेलो होतो. रजेचा निरोप त्याच सकाळी निघताना पाठवला होता, पण कारण सांगितलं नव्हतं. नोकरी पक्की होईपर्यंत बोलायचं नाही असं घरी ठरलेलं.

तिसऱ्या दिवशी दुपारी सगळ्या विश्रांतीच्या खोलीत जमलो. पाठकबाई संत्रं सोलत होत्या. "हं नलिनी, सांग. कुठं जायचं?"

ह्या क्षणाभोवती मी आयुष्यभर फिरत आले आहे. कुणी मला काही म्हणालं होतं का? नाही. कुणी दटावलं होतं? नाही. पाठकबाईंनी नुसतं संत्र्याच्या फोडीवरून नजर वर केली. एकजण नखं बघत होती. दोघी एकमेकींकडे बघून लगेच दुसरीकडे बघायला लागल्या. आणि कुसुम खिडकीला टेकून उभी होती, हसत. तिला उत्तर ठाऊक होतं. माझी जीभ तिला ठाऊक होती.

मला त्या खोलीला काय हवंय ते कळलं. आम्हा ऑपरेटर बायकांना समोरच्याचा श्वाससुद्धा कळतो. मी 'जरीपटका' म्हटलं असतं तर शुक्रवारी कुणाच्या घरी पाहुणे आले असते, कुणाचं डोकं दुखलं असतं, आणि पाठकबाई मला जराशा वेगळ्या नजरेनं बघायला लागल्या असत्या. बस. एवढंच. मला त्यावेळी सकाळची ड्यूटी हवी होती, घरी सोवळ्यातल्या सासूबाई होत्या — असली कारणं मी पुढे कितीदा तरी मांडून पाहिली. पण त्या क्षणी माझ्या डोक्यात ड्यूटी नव्हती आणि सासूबाईही नव्हत्या. मला फक्त त्या खोलीतल्या बहुतेकजणींना आवडायचं होतं.

"जेवण छानच आहे गं," मी म्हणाले. "पण—"

कुसुम अजून हसतच होती.

"पाण्याचं काही सांगता येत नाही. काल माझं पोट बिघडलं. म्हणून तर रजा टाकली."

पाणी. पुष्कळ काही म्हणता आलं असतं. लांब पडतं, गर्दी असते, तिखट फार आहे. मी पाणी काढलं. कुणाच्या घरच्या पाण्याला मी नाव ठेवतेय, ह्या देशात त्या शब्दाचं काय होतं, हे मला कळत नव्हतं का? मी शिकलेली बाई होते. मला सगळं कळत होतं.

मोहिनी म्हणून एक सिंधी मुलगी होती आमच्यात, जरीपटक्यातच राहायची. ती तेवढी बोलली. "अरे, मैं तो कितनी बार वहाँ से रोटी ले गई हूँ. कभी कुछ नहीं हुआ."

"तुला सवय असेल," पाठकबाई म्हणाल्या. "आणि इतक्या जणींना काही झालं तर बोर्डावर कोण बसणार? सदरलाच जाऊ." सगळ्यांना एकदम पटलं. इतकं एकदम, की खोलीतली हवासुद्धा हलकी झाल्यासारखी वाटली.

आणि कुसुम? मला वाटलं ती भांडेल. भिलाईवाल्यासाठी भांडणारी कुसुम. ती खिडकीपासून माझ्याकडे आली, तिच्या चेहऱ्यावरचं हसू गेलेलं होतं, आणि तिनं माझ्या कपाळावर हात ठेवला. "आता कसं आहे तुले? मले काहून नाही सांगितलं?" ऑफिसात ती कधी घरच्या बोलीत बोलायची नाही. त्या दिवशी बोलली.

माझ्यावर तिचा विश्वास होता. म्हणून तिनं माझा शब्द आईच्या रांजणापेक्षा खरा मानला.

पुढचं मला नंतर मोहिनीकडून कळलं. कुसुमनं संध्याकाळी घरी जाऊन सांगितलं तेव्हा पडवी भरलेली होती, बाहेर माणसं वाट बघत होती. अंजनाबाईनं ऐकलं, हातातला गोळा परातीत ठेवला आणि चुलीतली लाकडं ओढली. बाहेर येऊन सगळ्यांना तोंडानं सांगितलं, "माह्या घरचं पाणी एका पोरीले बाधलं. कशानं बाधलं ते कळेपर्यंत मी कोणाले जेवू घालणार नाही." लोक म्हणाले, अगं बाई, आम्ही रोज पितो. कुणी म्हणालं, एकीचं पोट बिघडलं तर एवढं काय? पण तिनं ऐकलं नाही. पिवळा फलक स्वतःच्या हातानं उतरवला. ज्या आठवड्यासाठी ती त्या ऑफिसात जाऊन उभी राहिली होती, त्याचे सगळ्यात गर्दीचे दिवस अजून पुढेच होते. तिची चूल बंद राहिली.

न केलेला दोष तिनं भरल्या पडवीत, दिवेलागणीला, सगळ्यांसमोर कबूल केला. मी केलेला दोष तेव्हापासून गिळून बसले आहे.

दुसऱ्या सकाळी ती आमच्या घरी आली. धरमपेठेत आमचं भाड्याचं घर होतं. दार सासूबाईंनी उघडलं. अंजनाबाई पायरीच्या खाली उभी, हातात डबा. "मी कुसुमची माय. माह्या हातचं खाऊन तुमच्या सूनबाईचं पोट बिघडलं. तांदळाची पेज आणली. माफी मागाले आलो."

मी आत मुलीला कडेवर घेऊन उभी. सासूबाईंनी वळून माझ्याकडे पाहिलं. मी कळमेश्वरला धडधाकट गेले होते आणि येताना दोन किलो हिरवे हरभरे घेऊन आले होते, रात्री त्यांच्याबरोबरच सोलत बसले होते. त्यांना समजायला किती वेळ लागणार?

त्या बाईची मला खरी ओळख त्या दिवशी झाली. पहाटे गार पाण्यानं आंघोळ करून, आपली वेगळी कळशी भरून ठेवणाऱ्या माझ्या सासूबाई. मी मनातल्या मनात ज्यांच्या नावावर सगळं खपवणार होते त्या. त्या म्हणाल्या, "आत या. बाहेर कशाला उभ्या?"

"नाही बाई, मी इथंच बरी."

"इथं कशाला? आत या म्हणते ना."

अंजनाबाईंना खुर्चीवर बसवलं. आपल्या कळशीतलं पाणी दिलं. स्वतः चहा टाकला, दोघींनी समोरासमोर बसून घेतला. पाटोडी रश्श्यात विरघळू नये म्हणून काय करता, असं सासूबाईंनी विचारलं आणि अंजनाबाई सांगत बसल्या. मध्येच थांबून माझ्याकडे बघायच्या. "चेहरा उतरला वं पोरीचा." चेहरा उतरलेलाच होता.

त्या गेल्यावर सासूबाई कपबशा उचलता उचलता म्हणाल्या, "तू कधी आजारी होतीस?"

मी मुलीला खाली ठेवलं.

"जा. गाठ तिला. बसच्या थांब्यापर्यंतच गेली असेल."

मी गेले. धावत गेले. अंजनाबाई कोपऱ्यावर दिसल्या, मी हाक मारली, त्या थांबल्या, उलट माझ्याच दिशेनं चार पावलं परत आल्या. मी तोंड उघडलं. तेवढ्यात त्याच म्हणाल्या, "डब्यासाठी धावत आली का वं? राहू दे. कुसुमजवळ देजो. तू जा, पड जराशी."

आणि मी म्हणाले, "हो मावशी."

परत आले तेव्हा सासूबाईंनी माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि काहीही विचारलं नाही. पुढे कधीच विचारलं नाही. पण त्या उन्हाळ्यात एक दिवस दुपारी त्या न सांगता कुठंतरी गेल्या आणि रिक्षानं परत आल्या. पदरानं कपाळ पुसत म्हणाल्या, "जरीपटक्याला जेवून आले. पाणीही प्यायले." आणि आपल्या खोलीत गेल्या. खरं काय ते त्यांनी अंजनाबाईंना सांगितलं नव्हतं. ते सांगणं माझं काम होतं, हे त्यांना माहीत होतं.

शुक्रवारी आम्ही सदरला गेलो. कुसुम आली. आली नसती तर मला सोपं झालं असतं, पण ती आली, सगळ्यांना हसवलं, पंजाबी भाजीला नावं ठेवली, आणि माझ्यासाठी वेटरला सांगून दहीभात मागवला. बाकीच्या नान खात होत्या. मी दहीभात खाल्ला, शेवटच्या शितापर्यंत. ती लक्ष ठेवून होती.

खाणावळ संपली वगैरे काही झालं नाही. ती बाई मोडणारी नव्हती. कुसुमनं पाणी बाटलीत भरून तपासायला नेलं. त्यात काही निघालं नाही. तरी अंजनाबाईनं रांजण बदलला आणि तेव्हापासून पाणी उकळून गार करून ठेवायला लागली. एवढं सरपण, एवढा वेळ, रोज. आठवडा संपल्यावर चूल पेटली, गिऱ्हाईक परत आलं, वाढत गेलं. मीही जात राहिले. कुसुमच्या आग्रहानं, मग सवयीनं, मग — खरं सांगते — त्या रोटीच्या ओढीनं. मला पाहिलं की अंजनाबाई आतून वेगळा तांब्या आणायच्या. "तुह्यासाठी दोनदा उकळलं वं." माझं पाणी वेगळं ठेवलेलं असायचं. वर्षानुवर्षं मी ते वेगळं पाणी प्यायले, त्यांच्या हातून, त्यांच्या डोळ्यांसमोर. प्रत्येक वेळी वाटायचं, आज सांगावं. प्रत्येक वेळी त्या रोटी वाढायच्या आणि मी खायची.

ऐंशीनंतरच्या एका उन्हाळ्यात त्या भागात काविळीची साथ आली. घराघरांत माणसं पिवळी पडली. अंजनाबाईच्या खाणावळीत रोज जेवणाऱ्यांपैकी कुणाला काही झालं नाही. लोक तिला देवमाणूस म्हणायला लागले. तिला ते आवडायचं नाही. "पाणी उकळलं, दुसरं काय केलं?" म्हणायची.

ती गेली त्या दशकाच्या शेवटी. चुलीपाशी बसल्या बसल्या, दुपारची गर्दी ओसरल्यावर. पुण्यानुमोदनाला, म्हणजे बौद्ध रीतीच्या श्रद्धांजलीच्या कार्यक्रमाला, मी गेले. पडवीत पाय ठेवायला जागा नव्हती. ट्रकवाले, मास्तर, दुकानदार, तिच्या हातचं खाऊन मोठी झालेली, आता लेकराबाळांचे बाप झालेली कॉलेजची पोरं. वंदना झाली, मग एकेकानं उठून आठवणी सांगितल्या. कुसुम बोलायला उभी राहिली तेव्हा तिचा तो आवाज फाटला होता. आईनं डबे कसे दिले, फलक कसा आणला, हे सगळं सांगितलं. आणि मग तिनं गर्दीत मला शोधलं.

"ही नलिनी," म्हणाली. "माझी मैत्रीण. हिला एकदा आमचं पाणी बाधलं आणि हिनं ते आमच्यापासून लपवलं नाही. दुसरी कुणी असती तर भिडेपोटी गप्प बसली असती. हिनं सांगितलं म्हणून आई पाणी उकळायला लागली, आणि साथीत इतकी माणसं वाचली. आई म्हणायची, त्या पोरीचे आपल्यावर उपकार आहेत."

माणसं माझ्याकडे वळून बघायला लागली. एका म्हाताऱ्यानं तर हात जोडले.

मी काय केलं असेल? मीही हात जोडले. मान लववली. आणि खाली बसले.

लोक वाचले हे खरं आहे. त्यांना अंजनाबाईनं वाचवलं, माझ्या खोटेपणानं नाही. मी त्यातला चमचाभरही माझ्या बाजूला घेत नाही.

कुसुम आता बेसा भागात मुलाकडे राहते. गुडघे दुखतात, आवाज तसाच आहे. अजून कुणाशी माझी ओळख करून देताना ती तीच गोष्ट सांगते. तिच्या आईचं पाणी स्वच्छ होतं. मी आजारी पडले नव्हते. आणि हे मी तिच्या आधी तुम्हाला सांगते आहे — हाही भित्रेपणाच आहे.